नव्या शहरात घर घेताना उपनगर कसं निवडायचं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बदली होते, नवी नोकरी लागते आणि घर अशा शहरात घ्यायचं असतं जिथले रस्तेही ओळखीचे नाहीत. सोबत मुलं असतात, कधी आईवडीलही. खालचे प्रश्न अशाच वाचकांकडून पुन्हा पुन्हा येतात. कर, नोंदणी आणि मालकी हक्काचे नियम देशागणिक बदलतात, त्यामुळे ते इथे घेतलेले नाहीत. त्यासाठी तिथल्याच वकिलाला गाठा. एका उत्तरातला मुद्दा दुसऱ्यात लागला तर तिथे फक्त प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. कुटुंबासाठी चांगलं उपनगर म्हणजे नेमकं काय? सुरुवात कुठून करायची?

त्या भागात दिवसाचे सगळ्यात जास्त जागे तास कोण घालवणार आहे, इथून. नोकरी करणारा सकाळी निघतो आणि दिवे लागल्यावर परततो, पण घराची चर्चा बहुतेक वेळा त्याच्याच ऑफिसपासून सुरू होते. त्याऐवजी मूल, घर सांभाळणारा किंवा घरून काम करणारा जोडीदार, सोबत येणारी आजी यांचा एक साधा कामाचा दिवस कागदावर लिहून काढा. शाळा किती वाजता, सोडायला कोण जाणार, वाणसामान कुठून, खेळायला कुठे, ताप आला तर डॉक्टर कुठे. मग तोच दिवस प्रत्येक उपनगरात बसवून पाहा. कुठे ओढाताण होते ते लगेच दिसतं.

एकच कसोटी हवी असेल तर ही घ्या: दहा वर्षांचं मूल एकटं चालत जाऊन दुकानातून वही घेऊन येईल का, आणि ते येईपर्यंत तुमचा जीव टांगणीला लागेल का? अंतर, फुटपाथ, रस्ता ओलांडण्याची सोय, दुकानात ओळखीचं माणूस असणं, हे सगळं त्यात येतं. क्लॅरेन्स पेरी या अमेरिकी नियोजनकाराने १९२९ साली आदर्श वस्तीची कल्पना मांडली. तिच्यात शाळा मधोमध होती, वर्दळीचे रस्ते वस्तीच्या कडेने जात होते आणि शाळा, दुकानं चालत जाण्याच्या अंतरात होती. आजही भाग पाहताना मी हेच आधी बघतो: मोठा रस्ता वस्तीच्या कडेने जातो की मधून?

२. आधी भाग ठरवायचा की आधी घर बघायचं?

भाग. स्वयंपाकघर मोडून नवं करता येतं, शाळेपर्यंतचा रस्ता करता येत नाही. दोन, फार तर तीन उपनगरं नक्की करा आणि मगच घरं बघायला लागा. सात भागांत घरं बघणारी मंडळी शेवटी दमून, समोर येईल ते घेतात. बजेट अपुरं पडत असेल तर भाग बदलण्याआधी एक खोली कमी करता येते का ते बघा. याला अपवाद आहेत, ते प्रश्न १४ मध्ये.

३. ऑफिसपासून किती लांबचं घर चालेल?

इटालियन भौतिकशास्त्रज्ञ चेझारे मार्केटी यांनी १९९४ मध्ये असं मांडलं की वाहन कोणतंही असो, माणसं दिवसाकाठी साधारण एक तास प्रवासात घालवतात. वाहनं वेगवान झाली तशी घरं लांब गेली, प्रवासाचा वेळ तेवढाच राहिला. जाऊन-येऊन एक तास ही म्हणून बरी खूणगाठ आहे.

त्यापलीकडे जायचं असेल तर आधी हिशोब करा. एका बाजूला २० मिनिटं जास्त म्हणजे रोज ४० मिनिटं, आणि वर्षाला २२० कामाचे दिवस धरले तर जवळजवळ १४७ तास. आठ तासांच्या दिवसांनी मोजलं तर अठरा दिवस. स्वस्त घरामुळे जे वाचतं, त्यातून हे अठरा दिवस भरून निघतात का? लोकांना वाटतं निघतात. ब्रूनो फ्राय आणि अलोइस स्टुट्झर या अर्थतज्ज्ञांनी जर्मनीतल्या आकडेवारीवरून २००८ साली दाखवलं की जास्त प्रवास करणारी माणसं आयुष्याबद्दल कमी समाधानी असतात. म्हणजे मोठं घर किंवा चांगला पगार यांतून त्या प्रवासाची पुरेपूर भरपाई होत नाही.

वेळ मोजताना दारापासून दारापर्यंत मोजा, तुमच्या खऱ्या निघण्याच्या वेळी आणि कामाच्या दिवशी. सरासरीपेक्षा बेभरवसा जास्त छळतो. रोजची ठरलेली ५० मिनिटं मूल सांभाळून निभावतात. कधी ३०, कधी ९० असं असेल तर पाळणाघराच्या दारात रोज माफी मागावी लागते.

४. आम्हा दोघांची ऑफिसं शहराच्या दोन टोकांना आहेत. बरोबर मध्ये घर घ्यावं का?

ऐकायला न्याय्य वाटतं. पण मध्यावर घर घेतलं की दोघंही घरापासून लांब आणि शाळेतून फोन आला की कोणीच जवळ नाही, असं होऊ शकतं. शाळेचा फोन कोण उचलतं? खरं उत्तर द्या. ज्याला धावत यावं लागणार त्याच्या ऑफिसच्या बाजूला घर घ्या. दोघंही आलटून पालटून धावणार असाल तर मात्र मध्यबिंदू चालेल, फक्त तो नकाशावरच्या अंतराचा नको, वेळेचा हवा. आणि कोणाची नोकरी लवकर बदलण्याची शक्यता आहे तेही आत्ताच बोलून घ्या. ज्या ऑफिसचा भरवसा दोन वर्षांचाही नाही, त्याच्यासाठी वीस वर्षांचं कर्ज काढू नये.

५. शाळांच्या क्रमवारीवर विश्वास ठेवायचा का? चांगल्या शाळेसाठी जास्त पैसे मोजावेत का?

शाळेचे पैसे तुम्ही घराच्या किमतीतूनच मोजता, कळो वा न कळो. सँड्रा ब्लॅक या अर्थतज्ज्ञ बाईंनी बॉस्टनच्या उपनगरांतली घरं तपासली. शाळेच्या प्रवेशक्षेत्राची, म्हणजे ज्या पत्त्यांवरची मुलं त्या शाळेत जातात त्या भागाची, सीमा रस्त्यामधून जाते, अशा ठिकाणी अलीकडची आणि पलीकडची घरं. वस्ती तीच, शाळा वेगळी. १९९९ च्या त्या अभ्यासात परीक्षेतले गुण ५ टक्क्यांनी जास्त असले तर घरासाठी सुमारे २.५ टक्के जास्त मोजले जातात, असं दिसलं.

क्रमवारी मात्र जपून वाचा. शाळेचा निकाल बराचसा तिथे येणाऱ्या मुलांच्या घरच्या परिस्थितीवर ठरतो. शिकवणं त्यात किती आणि घरची शिकवणी किती, हे आकड्यावरून कळत नाही. त्यापेक्षा शाळेला तीन गोष्टी विचारा: तुमच्या मुलाच्या वर्गात आत्ता जागा आहे का, वर्षाच्या मध्यात प्रवेश देता का, आणि गेल्या वर्षात किती शिक्षक सोडून गेले. तिसऱ्या प्रश्नावर समोरच्याचा चेहरा बघा.

जिथे पत्त्यावरून शाळा ठरते तिथे विक्रेत्याच्या शब्दावर जाऊ नका. घराचा नेमका पत्ता शिक्षण खात्याला देऊन लेखी उत्तर घ्या. सीमा बदलतात, आणि नव्या वसाहती झाल्या की हमखास बदलतात.

६. मुलगी नववीत आहे. आता तिला हलवलं तर नुकसान होईल का?

भाग मुलांवर परिणाम करतो, पण वयाप्रमाणे. १९९४ ते १९९८ या काळात अमेरिकेतल्या पाच शहरांत एक मोठा प्रयोग झाला. अतिगरीब वस्त्यांमधल्या सुमारे ४,६०० कुटुंबांपैकी काहींना सोडत काढून कमी गरिबीच्या भागात जाण्यासाठी घरभाड्याची मदत दिली गेली. राज चेट्टी, नॅथॅनियल हेंड्रेन आणि लॉरेन्स कॅट्झ यांनी पुढे त्या मुलांच्या कमाईचा माग काढला. जी मुलं तेरा वर्षांच्या आत असताना हलली, त्यांची विशी ओलांडल्यावरची कमाई न हललेल्यांपेक्षा सुमारे ३१ टक्क्यांनी जास्त होती. मोठ्या वयात हललेल्यांना तसा फायदा दिसला नाही, उलट थोडा तोटाच दिसला.

तुमचं कुटुंब बहुधा त्या परिस्थितीत नाही, त्यामुळे टक्केवारी जशीच्या तशी स्वतःला लावू नका. पण एवढं घेण्यासारखं आहे: लहान मुलासाठी नव्या भागात राहण्याची वर्षं पुष्कळ उरलेली असतात, तर मोठ्याला जुनं तोडल्याचा धक्काच जास्त बसतो. नववीतल्या मुलीसाठी मी उपनगरांची यादी तिच्याच हातात देईन. महत्त्वाची परीक्षा वर्षभरावर आली असेल तर एकाने पुढे जावं आणि बाकीच्यांनी परीक्षा झाल्यावर यावं, हेही चालतं. अवघड आहे, पण घरोघरी लोक करतात.

७. भाग सुरक्षित आहे हे बाहेरच्या माणसाने कसं ओळखायचं?

गुन्ह्यांची आकडेवारी बघा, पण दर लाख लोकसंख्येमागचे आकडे फसवतात. स्टेशन किंवा मोठी बाजारपेठ असलेल्या भागात राहणारे थोडे आणि येणारेजाणारे हजारो असतात. गुन्हे त्यांच्यामुळे वाढतात, भागिले मात्र रहिवाशांच्या संख्येने. कोणत्या प्रकारचे गुन्हे, कुठल्या गल्लीत आणि किती वाजता, हे बघितलं तर काही हाती लागतं.

खरं तर मुलांच्या बाबतीत लोक चोरांना घाबरतात आणि गाड्यांकडे दुर्लक्ष करतात. ब्रेक लावायला एक सेकंद लागला असं धरलं, तर कोरड्या रस्त्यावर ताशी ३० किलोमीटरने येणारी गाडी साधारण १३ मीटरमध्ये थांबते. ताशी ५० ने येणाऱ्या गाडीला २८ मीटर लागतात. बॉल रस्त्यावर गेला तर फरक एवढाच असतो. म्हणून भाग बघताना गल्लीच्या तोंडाशी पंधरा मिनिटं उभे राहा. गाड्या हळू येतात की मोठ्या रस्त्यावरचा सिग्नल चुकवायला आतून सुसाट निघतात?

वर्दळीचा परिणाम शेजारावरही होतो. डोनाल्ड अ‍ॅपलयार्ड यांनी १९६९ साली सॅन फ्रान्सिस्कोतल्या तीन रस्त्यांची तुलना केली. रोज सुमारे २,००० गाड्या जाणाऱ्या रस्त्यावर राहणाऱ्यांना त्याच रस्त्यावर सरासरी तीन मित्र होते. १६,००० गाड्यांच्या रस्त्यावर एकही धड नव्हता: ०.९.

८. भाग पाहायला कधी जावं?

एजंट बोलावतो त्या वेळी सोडून. तो रविवारी सकाळी अकराला बोलावतो, कारण तेव्हा रस्ते मोकळे आणि ऊन चांगलं असतं. तुम्ही मंगळवारी सकाळी शाळेच्या वेळेला जा, संध्याकाळी सातला जा, एकदा रात्री दहानंतर जा. धो धो पाऊस पडत असेल तर हातातलं काम टाकून जा.

गेल्यावर शेजाऱ्यांना "एरिया कसा आहे?" असं विचारू नका. त्यावर सगळीकडे "छान आहे" हेच उत्तर मिळतं. "तुमची मुलं संध्याकाळी कुठे खेळतात?", "पाणी शेवटचं कधी गेलं होतं?", "मूल रात्री आजारी पडलं तर कुठे नेता?" असं विचारा. आणि घरापासून शाळेपर्यंत स्वतः चालत जा. नकाशावर शाळा ३०० मीटरवर दिसते, पण मध्ये एखाद्या मोठ्या संकुलाची भिंत असते आणि वळसा पडतो सव्वा किलोमीटरचा. फाटक एकाच बाजूला आणि तेही नऊला बंद, असंही निघतं. हे नकाशावर कळत नाही.

९. त्या भागात पाणी भरतं का, हे कोण खरं सांगेल?

भिंती सांगतात. तळमजल्याच्या फक्त खालच्या मीटरभर पट्ट्याला नवा रंग आहे का बघा. दुकानात शिरून सगळ्यात खालचं फळकूट रिकामं ठेवलंय का, पोती विटांवर रचली आहेत का, विजेचं मीटर मुद्दाम खांद्याच्या उंचीवर नेलंय का, हे पाहा. ज्यांनी पाणी पाहिलंय ते बोलले नाहीत तरी सामान असं वर ठेवतात.

कागदपत्रांत "शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर" असे शब्द दिसले तर शंभर वर्षं निश्चिंत असा अर्थ काढू नका. दर वर्षी १ टक्का शक्यता, असा त्याचा अर्थ. ती दर वर्षी नव्याने लागू होते. तीस वर्षांत असा पूर एकदा तरी येण्याची शक्यता २६ टक्के होते, म्हणजे चारात एक. काही कर्जांची मुदतही तेवढीच असते. घराचा पूरविमा काढायचा झाल्यास हप्ता किती, हे व्यवहाराआधी विचारा. विमा कंपनीने घसघशीत आकडा सांगितला किंवा चक्क नकार दिला, तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं.

१०. घर हमरस्त्याच्या जवळ आहे. आवाज आणि धुराचं किती मनावर घ्यायचं?

मुलं लहान असतील तर बरंच. मोठ्या रस्त्याच्या धुराचा जोर साधारण ३०० ते ५०० मीटरपर्यंत राहतो, त्यापुढे तो आजूबाजूच्या हवेत मिसळून जातो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये पीएम २.५ या सूक्ष्म कणांची वार्षिक मर्यादा घनमीटरमागे ५ मायक्रोग्रॅमवर आणली. बहुतेक मोठी शहरं ती ओलांडतात, त्यामुळे ती पाळणारा भाग शोधत बसू नका. हाताशी असलेल्या भागांची आपापसांत तुलना करा.

आवाजाबाबत याच संघटनेच्या युरोपसाठीच्या २०१८ च्या शिफारशीत वाहनांचा रात्रीचा आवाज ४५ डेसिबलच्या खाली असावा, असं म्हटलं आहे. १० डेसिबल वाढले की कानाला आवाज दुप्पट वाटतो. मोबाइलवरचं मापक अचूक नसतं, पण दोन घरांमधला फरक कळण्यापुरतं पुरतं. मोजताना बेडरूमची खिडकी उघडी ठेवा. एजंट ती लावून घेण्याची घाई करतो.

११. "इथे दोन वर्षांत मेट्रो येणार, समोर शाळा होणार" असं सांगतात. धरून चालावं का?

आज जे उभं आहे तेवढ्याचेच पैसे द्या. येणाऱ्या गोष्टीची किंमत विक्रेत्याने आधीच भावात घातलेली असते. उशीर झाला तर तो तुमच्या माथी. विकास आराखड्यात शाळेसाठी आरक्षण असणं आणि शाळा भरणं यांच्यामध्ये मुलाचं अख्खं शिक्षण होऊन जाऊ शकतं. काम खरंच चालू आहे का, निधी मंजूर झालाय का, ठेका कोणाला दिलाय, हे विचारा. आणि हाच आराखडा तुमच्या खिडकीसमोरच्या मोकळ्या मैदानासाठीही बघा. तिथे उद्या काय येणार तेही त्यातच लिहिलेलं असतं.

१२. लगेच विकत घ्यावं की आधी भाड्याने राहावं?

शहर अनोळखी असेल तर सहा महिने ते वर्षभर भाड्याने राहा, शक्यतो जो भाग मनात आहे तिथेच. "भाडं म्हणजे पाण्यात गेलेला पैसा" हे वाक्य घरोघरी ऐकू येतं. पण कर्जाच्या पहिल्या वर्षांतला हप्ता कुठे जातो ते बघा. २० वर्षं मुदत, ८ टक्के व्याज, आणि कर्ज १०० धरा. पहिल्या तीन वर्षांत तुम्ही साधारण ३० भरता, मुद्दल कमी होतं जेमतेम ७. बाकी व्याज. चुकीच्या भागात घर घेऊन तीन वर्षांत विकावं लागलं, तर वर दलाली, नोंदणी आणि सामान हलवण्याचा खर्च येतोच.

नवी नोकरी अजून परिवीक्षेत (प्रोबेशनवर) असेल तर भाड्यानेच राहा. अडचण एवढीच की मुलाची शाळा दोनदा बदलू नये. म्हणून भाड्याचं घर असं घ्या की पुढे विकत घेतलं तरी शाळा तीच राहील.

१३. आम्ही लांब आहोत, प्रत्यक्ष येऊन बघणं शक्य नाही. व्हिडिओवर बघून घ्यावं का?

घर व्हिडिओवर दिसतं, भाग दिसत नाही. वास तर नाहीच. टाळता येत नसेल तर एजंट नको, आपलं माणूस पाठवा आणि त्याला फोन चालू ठेवून घराच्या फाटकापासून शाळेपर्यंत चालायला सांगा, न थांबता, न बोलता. बघण्याच्या वेळा प्रश्न ८ प्रमाणेच. हा सगळा उपद्व्याप करण्यापेक्षा एका माणसाचं तिकीट काढणं बहुतेक वेळा स्वस्त पडतं. इसार देण्याआधी तरी नक्की जा.

१४. भाग तितकासा नाही, पण घर अगदी मनासारखं आहे. काय करावं?

प्रश्न २ चा नियम दोन ठिकाणी मोडतो. एक, घरात कोणाला चालण्या-चढण्याचा त्रास असेल आणि तसं सोयीचं घर दुसरीकडे मिळतच नसेल. दोन, दोघंही घरून काम करत असाल आणि मुलं अजून शाळेत जात नसतील. तेव्हा चार भिंतींचं वजन वाढतं. फक्त मूल शाळेत जाऊ लागेल ते वर्ष कॅलेंडरवर लिहून ठेवा. या दोन्हींत बसत नसाल, तर जे आवडलंय ते बहुधा घराचं फर्निचर आहे आणि ते विक्रेता घेऊन जाणार आहे.

१५. आपल्या भाषेची माणसं जिथे आहेत तिथेच राहावं का?

पहिल्या वर्षी त्याचा मोठा आधार असतो. डॉक्टर कोण चांगला, पाळणाघर कोणतं, हे एका फोनवर कळतं. पण फक्त तेवढ्यासाठी शाळा किंवा प्रवास यांत फार तडजोड करू नका. मुलांची दोस्ती शाळेत होते, तुमची शनिवार-रविवारी. अर्ध्या तासात त्या मंडळींकडे पोचता येईल असा शेजारचा भाग बहुतेकांना जास्त मानवतो.

१६. आईवडील सोबत येणार आहेत. त्यांच्यासाठी वेगळं काय बघायचं?

बसायला जागा. थट्टा नाही. ज्येष्ठ माणूस पाच मिनिटं चालला की टेकतो, आणि टेकायला काही नसेल तर पुढच्या वेळी बाहेरच पडत नाही. बाक, सावली, सपाट फुटपाथ, सार्वजनिक स्वच्छतागृह. लिफ्ट बंद पडली तर दुसरी आहे का? दवाखाना जवळ आहे एवढ्यावर समाधान मानू नका, तिथे रात्री डॉक्टर असतो का ते विचारा. आणि त्यांना एकदा भाग दाखवायला आणाच. ते पाहुण्यासारखे गप्प बसले तर समजा की त्यांना पटलेलं नाही.

१७. मुलाला विशेष मदतीची गरज आहे. वरचा क्रम आम्हालाही लागू आहे का?

नाही, तुमच्यासाठी क्रम उलटा. आधी शाळा आणि उपचारतज्ज्ञ, त्यांच्याकडे जागा असल्याची लेखी खात्री, आणि मग त्यांच्याभोवती घर. उपचारांची प्रतीक्षायादी बऱ्याच ठिकाणी महिनोनमहिने लांबते, म्हणून बदलीची नुसती कुणकुण लागली तरी नाव नोंदवून ठेवा. एकाच तज्ज्ञावर सगळं अवलंबून असेल असा भाग टाळा. तो माणूस गाव सोडून गेला तर तुम्हालाही सोडावं लागेल. भाग बघायला जाताना मुलाला सोबत न्या: आवाज, गर्दी, उजेड यांचा त्याला काय त्रास होतो ते तुम्हाला आधी सांगता येणार नाही, त्याला तिथे पाच मिनिटांत कळेल.

१८. आमचा घटस्फोट झाला आहे आणि मुलगा दोघांकडे राहतो. मी दुसऱ्या उपनगरात घर घेऊ शकते का?

कायदेशीर बाजू आधी: काही ठिकाणी मुलासह राहण्याची जागा ठरावीक अंतरापलीकडे बदलायला दुसऱ्या पालकाची किंवा न्यायालयाची परवानगी लागते. इसार देण्याआधी हे वकिलाकडून तपासा.

परवानगी असली तरी दोन्ही घरांपासून शाळा एकच आणि आटोक्यात असेल असं बघा. एका घरून शाळा दहा मिनिटांवर आणि दुसऱ्या घरून तासावर असेल, तर मुलगा काही महिन्यांतच लांबच्या घरी जायला कुरकुर करायला लागतो आणि मोठी माणसं त्याचा भलताच अर्थ काढतात. दोन्ही घरांच्या मध्ये तो स्वतः ये-जा करू शकेल अशी बस किंवा रेल्वेगाडी असेल तर उत्तम. आज तो सात वर्षांचा असेल तर आणखी पाच-सहा वर्षांत वही विसरली म्हणून एकटाच दुसऱ्या घरी जाऊन घेऊन येईल, आणि तुम्हा दोघांपैकी कोणालाही फोन करावा लागणार नाही.